कुलूपतोड्यांचं प्रगतिपुस्तक

गुगल लॉक काढून घ्यायला मोबाईलच्या दुकानात जी माणसं येतात, त्यांत चोर कोण आणि मालक कोण हे चेहऱ्यावरून ओळखता येतं. चोर शांत असतो. फोन काउंटरवर ठेवतो, "कितीला?" एवढंच विचारतो आणि चहा प्यायला निघून जातो. घामाघूम झालेला असतो तो मालक. तो फोन दोन्ही हातांत धरून येतो आणि कुणी न विचारता हकीकत सुरू करतो. "अहो, माझाच आहे हो. दिवाळीत मुलीनं घेऊन दिला. पॅटर्न विसरलो, मग भाच्यानं काहीतरी बटणं दाबली, आणि आता हा कुठलंसं खातं मागतोय." जितकं जास्त सांगेल तितका तो जास्त संशयास्पद दिसतो. शेवटी दुकानात उभी असलेली इतर गिऱ्हाइकं आपापले फोन खिशात ठेवतात.

या भानगडीचं कागदोपत्री नाव 'फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन'. दुकानात तिला एफआरपी म्हणतात. ती जन्मली चोरांमुळेच. २०१३ साली अमेरिकेत सुमारे ३१ लाख फोन चोरीला गेल्याचा अंदाज 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक-मासिकानं काढला होता. न्यूयॉर्कचे महाधिवक्ता आणि सॅन फ्रान्सिस्कोचे जिल्हा वकील तेव्हा फोन कंपन्यांच्या मागे लागले, की चोरलेला फोन चोराला निरुपयोगी होईल असं काहीतरी करा. ॲपलनं त्याच वर्षी आपलं कुलूप आणलं. २०१४ मध्ये मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया राज्यांनी तसा कायदाच केला. गुगलनं मार्च २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ या आवृत्तीत ही सोय दिली. त्या आवृत्तीचं नाव लॉलीपॉप. ते चोराच्या हाती द्यायचं, असा बेत असावा.

कुलपाची रचना साधी आहे. फोन पुसला तरी त्यातला एक छोटा कोपरा पुसला जात नाही, आणि त्या कोपऱ्यात आधीच्या खात्याची खूण राहते. तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन, पिन देऊन, रीतसर फोन रिसेट केलात तर तो ती खूणही पुसतो. पण पॉवर आणि आवाजाची बटणं एकदम दाबून, मागच्या वाटेनं रिसेट केलात, तर बाकीचं सगळं विसरून तो ही एकच गोष्ट लक्षात ठेवतो. रीतसर विचारलं तर सगळं माफ, न विचारता केलं तर जन्मभर लक्षात. हा हिशेब कुठल्याही घरच्या आत्याबाईंना चटकन पटेल. मग फोन सुरू होतो, भाषा निवडून घेतो, वायफाय जोडून घेतो आणि अत्यंत सभ्यपणे म्हणतो, की या फोनवर आधी असलेल्या खात्यानं आत या, नाहीतर आधीचा पिन सांगा. थोडक्यात, त्याचा प्रश्न एकच: फोन कुणाचा?

मालकाला याचं उत्तर पक्कं ठाऊक असतं, फक्त ते फोनला समजेल अशा शब्दांत येत नसतं. कारण आपल्याकडे खातं मालक उघडत नाही, दुकानातला पोरगा उघडतो. फोन घेतला, काच चिकटवली, कव्हर निवडलं, की तो विचारतो, "काका, जीमेल आहे का?" काका "नाही" म्हणतात, कारण हो म्हटलं तर त्याचे वेगळे पैसे पडतील असा त्यांचा समज असतो. पोरगा दीड मिनिटात खातं उघडतो. नाव काकांचं, आडनावाचं स्पेलिंग पोराच्या मर्जीचं, जन्मतारीख एक जानेवारी. पासवर्ड तो तोंडानं सांगतो. "लक्षात ठेवा हं, काका." काका मान डोलावतात, पण त्याच क्षणी काकू विचारत असतात, की या कव्हरात मोरपंखी नाही का. पासवर्डाचा आणि काकांचा संबंध इथेच संपतो. पुढची तीन-चार वर्षं फोन तो पासवर्ड कधी विचारत नाही. आणि विचारतो तोपर्यंत पोरगा दुबईला गेलेला असतो.

खातं परत मिळवायची सोय आहे. नोंदवलेल्या नंबरवर कोड येतो. तो नंबर काकांच्या जुन्या सिमचा. स्वस्त प्लॅन बंद झाला तेव्हा काकांनी ते सिम रागानं सोडलं. सोडलेले नंबर कंपन्या काही काळानं दुसऱ्याला देतात, त्यामुळे काकांचा कोड आता एका अनोळखी गृहस्थांकडे जातो, आणि ते तो कुणाला सांगत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं त्यांना बँक रोज बजावते. यातूनही पासवर्ड बदलता आलाच, तर गुगल म्हणतं, आता चोवीस तास थांबा. पूर्वी ही मुदत ७२ तासांची होती. चोरानं पासवर्ड बदलून लगेच फोन ताब्यात घेऊ नये म्हणून ही तरतूद. चोर चोवीस तास निवांत थांबू शकतो. त्याच्याकडे दुसरे फोन असतात. थांबवत नाही ते भाच्याला. तो तेवढ्यात 'कुलूप काढायची उत्तम साधनं' शोधायला बसतो.

अशा साधनांच्या याद्या भरपूर आहेत. 'सर्वोत्तम सात', 'सर्वोत्तम दहा', अशा. त्या वाचताना एक गोष्ट लक्षात येते, की पहिला क्रमांक यादी लिहिणाऱ्या कंपनीच्याच साधनाचा असतो. दुसऱ्या कंपनीच्या यादीत दुसरीचं साधन पहिलं, आणि पहिलीचं 'बरं आहे, पण नवशिक्यांना अवघड' अशा शेऱ्यासह सहावं. आपल्या साहित्यिकांत निदान एकमेकांची पाठ खाजवायची रीत आहे; इथे ज्यानं त्यानं स्वतःचीच खाजवायची. गुणांचे विषयही ठरलेले: वेग किती, यश किती टक्के, किती मॉडेलं चालतात, किंमत काय. तेव्हा एखाद्या तटस्थ मास्तरानं या सगळ्यांना बाकावर बसवून रीतसर प्रगतिपुस्तक भरणं गरजेचं आहे. ते इथे भरतो.

पहिला विद्यार्थी, फुकट व्हिडिओ. यात माणसाचं तोंड दिसत नाही. दिसतात ती बोटं, त्यातल्या एकात पुष्कराजाची अंगठी, आणि मागे लग्नाच्या वरातीतसुद्धा जास्त वाटेल असं संगीत. बोटांचा मालक बोलत नाही. जे सांगायचं ते पडद्यावर टाइप करतो. मथळ्यात चालू वर्ष, 'शंभर टक्के' आणि 'कंप्युटरशिवाय' हे तीन शब्द हवेतच.

या पंथाची मूळ गंगोत्री म्हणजे टॉकबॅक. अंध व्यक्तींना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी ही फार उपयोगी सोय आहे, आणि ती फोन सुरू होण्याच्या पहिल्या पायरीपासून हाताशी असावी हे रास्तच. पण जुन्या अँड्रॉइडमध्ये त्या सोयीच्या दारातून भलतेच लोक शिरले. पडद्यावर बोटानं इंग्रजी 'एल' काढायचा, की एक मेन्यू उघडे. मेन्यूतून सेटिंग, सेटिंगमधून मदत, मदतीतून व्हिडिओ, व्हिडिओतून यूट्यूब, यूट्यूबमधून 'वापराच्या अटी', आणि अटी वाचायला ब्राउझर उघडला की झालात तुम्ही आत. जगात वापराच्या अटी कुणी आवर्जून उघडल्या असतील तर त्या याच लोकांनी, आणि त्याही मोडण्यासाठी.

गुगल २०१५ च्या ऑगस्टपासून दर महिन्याला सुरक्षेचं ठिगळ लावतं, दुकानाच्या भाषेत 'पॅच'. एक वाट गाजली की पुढच्या कुठल्यातरी पॅचमध्ये ती बुजते, मग नवी वाट निघते, नवा व्हिडिओ येतो, तोही जुना होतो. काकांच्या हातात येतो तो बुजलेल्या वाटेचा नकाशा. व्हिडिओतलं बोट जिथे बटण दाबतं, तिथे काकांच्या फोनवर बटणच नसतं. पण टॉकबॅक मात्र सुरू झालेला असतो. आता एकदा बोट लावलं तर फोन वाचतो, दोनदा लावलं तरच उघडतो, हे काकांना कुणी सांगितलेलं नसतं. ते जिथे बोट ठेवतील ते फोन खणखणीत आवाजात वाचतो. "मागे. बटण." काका घाबरून दुसरीकडे बोट ठेवतात. "आणीबाणीचा कॉल. बटण." रात्री अकरा वाजता अख्ख्या चाळीला कळतं, की काकांचं काहीतरी अडलेलं आहे.

शेरा: विषयाची आवड आहे. परंतु गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेची उत्तरं पाठ करून येतो.

दुसरा विद्यार्थी, कंप्युटरवरचं विकत सॉफ्टवेअर. गणवेश इस्त्रीचा. 'एका क्लिकमध्ये', 'तांत्रिक ज्ञानाची गरज नाही' आणि, मला सर्वांत आवडलेलं, 'तुमचा डेटा सुरक्षित राहील'. हे कुलूप लागतं तेच मुळी फोन पुसल्यानंतर. लग्नाचे फोटो, भिशीचा हिशेब, काकूंच्या उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ, सगळं भाच्यानं बटणं दाबली तेव्हाच गेलं. आता त्या रिकाम्या फोनमधलं काहीही जाणार नाही, अशी हमी ही मंडळी देतात, आणि एवढी एक हमी ते नक्की पाळतात.

डाउनलोड फुकट असतं. जे फुकट चालतं ते म्हणजे 'तुमचा फोन जोडला गेला आहे' हे वाक्य. त्यापुढचं बटण दाबलं की पैशाचा तक्ता येतो. महिन्याचा प्लॅन, वर्षाचा प्लॅन आणि आयुष्यभराचा प्लॅन. ठळक अक्षरांत 'फायदेशीर' असं लिहिलेलं असतं ते शेवटच्यावर. आयुष्यात एकदा पॅटर्न विसरलेल्या माणसाला आयुष्यभर कुलपं काढत बसायचं साधन कशाला हवं असेल, याचा विचार विक्रेता करत नाही. आयुष्यभराचा प्लॅन घेणारं गिऱ्हाईक मालक असण्याची शक्यता कमीच. पण इथे तसं कुणी विचारत नाही. पैसे भरल्यावर विचारतात ते मॉडेल, आणि यादीत आपल्या मॉडेलच्या अलीकडचं असतं, पलीकडचं असतं, आपलं नसतं.

पैसे भरायचे नसतील तर याच सॉफ्टवेअरची 'क्रॅक' आवृत्ती भाचा शोधून काढतो. तिच्यासोबत सूचनांची चिठ्ठी असते. पहिली सूचना: सुरू करण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा, तो उगीच ओरडतो. तो उगीच ओरडत नसतो. पण घरात आधीच आरडाओरडा चालू असल्यामुळे त्याला गप्प करणं भाच्याला सोपं वाटतं. फोनचं कुलूप निघतं न निघतं, कंप्युटरमध्ये साठवलेले पासवर्ड मात्र परक्या मुलखात पोचण्याची सोय होते. एक खातं आठवत नाही म्हणून सुरू केलेल्या कामात उरलेली सगळी खाती दुसऱ्याला पाठ होतात.

शेरा: बोलका. गृहपाठ कधी दाखवत नाही. दप्तर तपासावे.

तिसरा विद्यार्थी, दुकानदाराचा बॉक्स किंवा डोंगल. हा वर्गातला खरा हुशार मुलगा. दुकानाच्या आतल्या खोलीत, हीटगन आणि उघड्या पडलेल्या मदरबोर्डांच्या शेजारी, एक कंप्युटर असतो. त्याच्या पडद्यावर काळ्या पाटीवर हिरवी-लाल अक्षरं धावत असतात. त्याला जोडलेलं एक लहानसं यंत्र, त्याचं वर्षाचं भाडं, आणि प्रत्येक कामाला कापली जाणारी 'क्रेडिटं'. इथे बसलेला पोरगा फारसं बोलत नाही. तो मॉडेल बघतो, पॅच कितवा ते बघतो. काही फोनांना मागून उघडून दोन ठिपके चिमट्यानं जोडतो, त्याला 'टेस्ट पॉइंट' म्हणतात. मग तोंडातला माव्याचा घास सावरत सांगतो, "होऊन जाईल. गॅरंटी नाही." मराठी वाक्यरचनेत एवढा प्रामाणिक विरोधाभास क्वचित सापडतो.

या बॉक्सांची नावं ज्यानं ठेवली त्याचा ग्रीक पुराणांचा व्यासंग दांडगा असला पाहिजे. एक मेड्युसा, एक हायड्रा, एक कायमेरा. सगळे राक्षसगण. सॅमसंगच्या फोनात सॉफ्टवेअर भरायच्या साधनाचं नाव ओडिन, म्हणजे उत्तरेकडच्या पुराणातला ज्ञानासाठी एक डोळा देणारा देव. आणि त्याला पर्याय म्हणून हौशी लोकांनी केलेल्या साधनाचं नाव हाइमडाल, म्हणजे तिथलाच द्वारपाल. नावं गंमत म्हणून ठेवली असतील, पण अर्थानं चपखल बसली आहेत. हायड्राचं एक मुंडकं छाटलं की दोन उगवत. पॅच आणि पळवाट यांचा दहा वर्षांचा इतिहास याहून थोडक्यात सांगता येणार नाही. मेड्युसा ज्याच्याकडे पाही त्याचा दगड होई. फोनमध्ये चुकीची फाइल गेली की त्याचंही तेच होतं, फक्त या धंद्यात दगड न म्हणता 'ब्रिक' म्हणतात. विटेवर उभं राहायला विठोबा एकदाच आला; या विटेसाठी कुणी येत नाही. दुकानदार ती परत देताना म्हणतो, "बोर्ड आधीच वीक होता."

कोल्हापूर-सांगलीकडे या दुकानांवर एक जादा अडचण होते. 'एफआरपी काढून मिळेल' ही पाटी वाचून ऊसवाला शेतकरी गाडी बाजूला घेतो. कारखान्याला ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत मिळावी असं कायद्यात लिहिलेली त्याची एफआरपी, म्हणजे उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, काढायला त्याला रस्त्यावर उतरावं लागतं, आणि इथे काचेआडचा पोरगा पंधरा मिनिटांत काढतो म्हणे. आत जाऊन खुलासा झाल्यावर तो निराश होतो, पण दर ऐकून म्हणतो, "बरंय की. तुमची निदान हप्त्यानं देत न्हाईत."

दुकानात भिंतीवर एक कागद चिकटवलेला असतो: 'बिलाशिवाय मोबाईल दुरुस्तीस घेतला जाणार नाही.' कागद खरा असतो, अक्षर टापटीप असतं, खाली हुकमावरून असंही असतं. फक्त त्याच्या 'बिलाशिवाय' आणि 'नाही' या शब्दांवर इअरफोनच्या पाकिटांच्या माळा टांगलेल्या असतात. त्यामुळे बाहेरून 'मोबाईल दुरुस्तीस घेतला जाणार' एवढंच वाचता येतं.

शेरा: बुद्धिमान, कामात चपळ. संगतीकडे लक्ष द्यावे.

चौथा विद्यार्थी शाळेत येतच नाही. तो दुरून परीक्षा देतो. हा 'ऑनलाइन सर्व्हिस'वाला. ओळख चॅटवर, फोटोच्या जागी वाघ किंवा महागडी मोटार. तो म्हणतो, पैसे आधी पाठवा, मग कंप्युटरवर अमुक एक सॉफ्टवेअर घ्या आणि त्यातला आकडा मला सांगा, मी इथूनच काढून देतो. तो आकडा म्हणजे तुमच्या कंप्युटरची सूत्रं. अनोळखी माणसाला आपल्या फोनचं कुलूप काढायला लावायचं, आणि त्यासाठी आधी त्याला आपल्या बँकेच्या पानासकट सगळा कंप्युटर उघडून द्यायचा, असा हा व्यवहार. काही जण खरोखर फोन उघडून देतातही. म्हणजे एक काम सचोटीनं होतं, दुसरं कौशल्यानं.

शेरा: पालकांनी तातडीनं भेटावे. पालकांचा नंबर १९३०, सायबर फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी.

पाचवा विद्यार्थी कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र. याला वर्गात मित्र नाहीत. एसी असतो, थंड पाणी असतं, टोकन असतं, आणि टोकनवरच्या आकड्याचा आणि पाटीवर लागणाऱ्या आकड्याचा मेळ लागेपर्यंत माणसाला आपल्या आयुष्याचा आढावा घेता येतो. नंबर लागतो. काका हकीकत सुरू करतात, दिवाळीपासून. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलगी शांतपणे ऐकून घेते आणि विचारते, "सर, बिल आणलंय? आणि एक फोटो आयडी लागेल." काका संतापतात. "म्हणजे? मी चोर आहे का?"

आता इथे जरा थांबून पाहू. आतापर्यंत किती जणांनी काकांकडून काय काय मागितलं? व्हिडिओनं वेळ मागितला, सॉफ्टवेअरनं कार्ड मागितलं, डोंगलवाल्यानं मॉडेल आणि तीनशे रुपये, दुरूनवाल्यानं सगळा कंप्युटर. 'फोन कुणाचा?' असं त्यांतल्या एकानंही विचारलं नाही, आणि काकांना ते सगळे सज्जन वाटले. विचारलं ते दोघांनीच: एक फोननं, आणि दुसरं या मुलीनं. काका चिडले तेही नेमके या दोघांवरच. साधनांच्या कुठल्याही यादीत नसलेला हा विषय आहे, आणि प्रगतिपुस्तकात मला तोच सर्वांत वर घालावासा वाटतो. जे साधन तुम्हाला काहीही न विचारता तुमचा फोन उघडून देतं, ते उद्या दुसऱ्यालाही काहीही न विचारता तुमचाच फोन उघडून देणार आहे. फुकट, झटपट आणि बिनबोभाट हे गुण आपल्याला आवडतात तसे ते त्या चहा प्यायला गेलेल्या शांत माणसालाही आवडतात.

शेरा: हळू. रुक्ष. वर्गात एकटाच प्रश्न विचारतो, म्हणून इतर मुलं त्याच्याशी खेळत नाहीत.

त्या शांत माणसाचे दिवसही आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. २०२४ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १५ नं कुलूप आणखी घट्ट केलं. पूर्वी सेटअपचे पडदे कसेबसे ओलांडले की फोन आपला. आता ओलांडून आत गेलात तरी नवं खातं जोडता येत नाही, पडद्याला नवं कुलूप लावता येत नाही, नवं ॲप घालता येत नाही. आत घेतात, पण पाट मांडत नाहीत. शिवाय मे २०२३ पासून देशभर 'संचार साथी'ची सोय आहे. पोलिसांत तक्रार करून फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर तिथे नोंदवला, की तो फोन देशातल्या कुठल्याही कंपनीचं सिम घालून चालत नाही. डोंगलवाल्यानं गुगलचं लॉक काढलं तरी तो आकडा तोच राहतो. तीस हजारांच्या फोनचा मग फार तर कॅलक्युलेटर होतो, आणि बॅटरी असेपर्यंत विजेरी.

आणि हरवलेले फोन खरंच सापडतात. जिल्ह्याजिल्ह्यांत पोलीस ठाण्यांत ते परत देण्याचे कार्यक्रम होतात. मंडप, सतरंज्या, टेबलावर ओळीनं मांडलेले फोन, मागे फलक. एकेका मालकाचं नाव पुकारलं जातं, साहेबांच्या हस्ते फोन मिळतो, छायाचित्र निघतं, दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. एखाद्या काकांचा चोरीला गेलेला फोनही असा परत येतो. काका गहिवरतात, साहेबांच्या हातात श्रीफळ देतात, घरी येऊन फोन चार्जिंगला लावतात. चोरानं तो उघडण्यासाठी बरीच खटपट केलेली असते, पुसूनही पाहिलेला असतो. फोन सुरू होतो, भाषा विचारतो, वायफाय विचारतो, आणि म्हणतो, या फोनवर आधी असलेल्या खात्यानं आत या.

ज्या पडद्यावर चोरानं हात टेकले, त्याच पडद्यावर काका हात टेकतात. कुलपानं आपलं काम चोख केलेलं असतं. दोघांनाही समान वागणूक दिलेली असते. भाचा म्हणतो, "मामा, एक व्हिडिओ आहे."

हे टाळायचे उपाय इतके साधे आहेत, की त्यांच्यावर सात किंवा दहाची यादी होत नाही, आणि म्हणून ते कुणी सांगत नाही. खातं स्वतः उघडावं, निदान उघडताना समोर बसावं. पासवर्ड डायरीत लिहून ठेवावा. चोराला डायऱ्या वाचायची सवय नसते. नंबर बदलला की खात्यातही बदलावा. फोन मेहुण्याला, कामवाल्या मावशींना किंवा ओएलएक्सवरच्या अनोळखी माणसाला देण्यापूर्वी सेटिंगमध्ये जाऊन, पिन देऊन, रीतसर रिसेट करावा. मावशींना जुना फोन दिल्याचं पुण्य आपल्या खात्यावर आणि आपलं खातं त्यांच्या फोनवर, असं होऊ देऊ नये. जुना फोन विकत घेताना तो विकणाऱ्यासमोर सुरू करून, स्वतःचं खातं घालून, शेवटपर्यंत नेऊन पाहावा. विकणारा "घरी जाऊन करा ना निवांत" म्हणाला, तर फोन त्याच्याकडे ठेवून आपण घरी जावं.

आणि प्रगतिपुस्तकात पहिला नंबर द्यायचाच, तर तो बिलाला. त्याला केबल लागत नाही, पॅच लागत नाही, अँटिव्हायरस त्याच्यावर ओरडत नाही. सेवा केंद्रात ते चालतं, पोलीस ठाण्यात चालतं, संचार साथीवर फोन नोंदवताना चालतं. मराठी माणूस तर बिलं जपण्यात पटाईत. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालच्या मिक्सरचं बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबरबँड लावून, कपाटाच्या लॉकरमध्ये असतं. मिक्सर केव्हाच भंगारात गेला, पण बिलावरचं पेनानं लिहिलेलं अक्षर अजून ठसठशीत आहे. मोबाईलचं बिलही त्याच पिशवीत, त्याच भक्तिभावानं ठेवलेलं सापडतं. काढून पाहावं तर कागद कोरा. हल्लीची छोट्या यंत्रातून निघणारी बिलं उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावर असतात, आणि दोन उन्हाळ्यांत ती आपोआप पुसली जातात. फोन पुसला गेला तर मालकाची खूण राखणारा कोपरा गुगलनं शोधून काढला. बिलाला तसला कोपरा अजून कुणी ठेवलेला नाही.

म्हणून बिल हातात पडल्याबरोबर, दुकानाची पायरी उतरण्यापूर्वी, त्याचा फोटो काढावा. फक्त तो त्याच फोनमध्ये ठेवू नये.